आभाळ गरजते तेव्हा

गेल्या महिन्यात धारहून एका वाचक भगिनींचे पत्र आले. पत्र चार पानांचे आहे आणि त्यातील साडेतीन पाने एका कुत्र्याविषयी आहेत. या सदराकडे आजवर सुनांची पत्रे आली, सासवांची आली, मुलाच्या अभ्यासाने काळजीत पडलेल्या मातापित्यांची आली. कुत्र्याविषयीचे पत्र मात्र हे पहिलेच. "आपल्या सदरात असला विषय बसतो की नाही, कोण जाणे," असा संकोचही त्यांनी आरंभीच व्यक्त केला आहे. ज्या जिवावरून घरातील माणसांत बोलाचाली होते आणि नातीच्या डोळ्यांस पाणी येते, तो विषय घरचाच म्हणावयाचा. म्हणून या वेळचे सदर त्या पत्रासाठी.

हकीकत अशी. त्यांच्या घरी राजा नावाचा पाच वर्षांचा कुत्रा आहे. गावठीच, पण अंगाने भरदार. रात्री फाटकाशी अनोळखी माणूस उभा राहिला तर आळी जागी करील असा. परंतु आभाळ भरून आले, वारा पडला, की या राजाची कळा पालटते. तो घरभर येरझारा घालू लागतो, धापा टाकतो, तोंडातून लाळ गळते, शेपटी पोटाशी जाते. पहिला गडगडाट होताच पलंगाखाली शिरून तो असा कापू लागतो की पलंगाची लाकडेही हलतात. मागल्या वर्षी मृगाच्या पहिल्या वादळात, घरची मंडळी लग्नाला गेली असता, त्याने दाराची जाळी फाडली आणि तो पळाला. तिसऱ्या दिवशी मुंज तलावाच्या बाजूस लंगडत फिरताना सापडला. तेव्हापासून त्याची भीती वाढलीच आहे. "आमचे हे म्हणतात, ज्याच्या भरवशावर घर टाकून जावे तोच पलंगाखाली लपतो, असला कुत्रा काय कामाचा? मांडूच्या रस्त्यावर ओळखीच्या एकांचे शेत आहे. तेथे राखणीला द्यावा असे त्यांच्या मनात आहे. नात हे ऐकून दोन दिवस नीट जेवली नाही. त्याला देऊन टाकावा, की या भित्रेपणावर काही उपाय आहे?"

पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण ही हकीकत मला नवी नव्हती.

माझे बालपण येथे देवासला, टेकडीच्या पायथ्याशी गेले. आमच्याकडे मोती नावाचा कुत्रा होता. अण्णांचा नियम असा की जनावर उंबऱ्याच्या आत यावयाचे नाही. मोती ओसरीच्या खांबाला साखळीने बांधलेला असे. आषाढातील एका रात्री टेकडीवर विजांनी थैमान मांडले. वर चामुंडा आणि तुळजाभवानी अशा दोन्ही देवी असताना भिण्याचे कारण नाही, असे आजी म्हणत होती. तरी आम्ही पाचही भावंडे तिच्या पदराला धरून बसलो होतो. ती अर्जुनाची दहा नावे म्हणत होती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी वीज कडाडली की ही नावे घेण्याची रीत होती. बाहेर मोती रडत होता. भुंकणे नव्हे, रडणेच ते. "त्याला आत घेऊ का?" असे मी विचारले. "होईल सवय," असे उत्तर मिळाले. मीही पुन्हा विचारले नाही. पहाटे दार उघडले तेव्हा खांबाला अर्धी तुटलेली साखळी होती. मोती परत आला नाही. आजीच्या पदराखाली त्या रात्री पाच मुलांना जागा होती, आणखी एकाला झाली असती. ही गोष्ट मी या सदरात कधी लिहिली नव्हती. आज लिहिते, कारण धारच्या त्या घरात अजून वेळ गेलेली नाही.

आपल्या माळव्याला पावसाचे कौतुक फार. पाऊस लागला की लोक मांडूची हिरवळ पाहावयास धारवरून गाड्या भरभरून जातात. १९४८ साली प्रकृतीसाठी देवासला आलेले कुमार गंधर्व येथेच राहिले आणि त्यांनी 'गीत वर्षा' या नावाने केवळ वर्षाकालाच्या गाण्यांची मैफल रचली. मेघगर्जना आपल्याला मल्हाराची आठवण करून देते. म्हणूनच तिने कोणाचा प्राण कंठाशी येत असेल, हे आपल्या ध्यानी येत नाही. कालिदासाच्या ध्यानी मात्र ते आले होते. मेघदूतातील यक्ष मेघाला मुद्दाम वाट वाकडी करून आपल्या शेजारच्या उज्जयिनीस पाठवितो, आणि रात्री प्रियकराकडे निघालेल्या स्त्रियांना विजेचा उजेड तेवढा दाखव, पण गरजू नकोस, त्या भित्र्या असतात, असे त्याला सांगतो. भिणाऱ्याला हसावे असे त्या कवीस वाटले नाही. गर्जणाऱ्याने आवाज सांभाळावा असे वाटले. आपल्याला मेघास सांगता येत नाही. घरात काय करावयाचे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.

प्रथम हे समजून घ्यावे की राजा भेकड नाही. चोरावर धावून जाणारे धैर्य आणि गडगडाटाची धास्ती या दोन गोष्टी एकाच जिवात सुखाने नांदू शकतात. चोर दिसतो, त्याचा वास येतो, त्याच्यावर भुंकता येते, तो पळूनही जातो. आभाळातील शत्रू दिसत नाही, कोठून येतो कळत नाही आणि भुंकून हटत नाही. शिवाय कुत्र्याचे कान आपल्याहून तीक्ष्ण. माणसाला सेकंदास सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंतचा. आणि आपल्या कानी न पडणारे क्षीण आवाजही त्याला दुरून कळतात. हवेचा बदलता दाब, पहिल्या सरीचा वास, वाऱ्याचे पालटणे यांचीही चाहूल त्याला लागत असावी, असे अभ्यासकांस वाटते. म्हणून आपण अंगणातील वाळवण उचलण्यापूर्वीच तो अस्वस्थ झालेला असतो.

असे जीव थोडे नाहीत. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे १३,७०० पाळीव कुत्र्यांची माहिती मालकांकडून गोळा केली व २०२० साली प्रसिद्ध केली. तीत मोठ्या आवाजांची भीती हीच सर्वांत अधिक आढळली, शंभरांत बत्तीस कुत्र्यांना. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात अशा भित्र्या कुत्र्यांना वादळाचे ध्वनिमुद्रण ऐकवून त्यांची लाळ तपासली. शरीरावर ताण आला की वाढणारा जो स्राव आहे, तो दुपटीहून अधिक वाढला आणि चाळीस मिनिटांनंतरही पूर्ववत झाला नाही. आवाज थांबला म्हणजे भीती संपली असे नसते. राजा पाऊस उघडल्यानंतरही तासभर पलंगाखालून येत नाही, असे त्या भगिनींनी लिहिले आहे. तो हट्ट नव्हे. त्याच्या रक्तातील वादळ अजून शमलेले नसते.

आता उपायांपूर्वी अपाय सांगते, कारण आपल्या घरांत तेच अधिक होतात. पहिला अपाय म्हणजे रागावणे आणि मारणे. भीती हा अपराध नाही, मग शिक्षा कशाची? महाभारताच्या आरंभीच एक कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञात त्याच्या भावांनी सरमेच्या पिल्लाला निष्कारण बडविले. त्याने हवनद्रव्याकडे पाहिलेही नव्हते. तेव्हा देवांची कुत्री जी सरमा, तिने शाप दिला की तुम्हांवर न दिसणारे भय येईल. आपल्या राजाला तर ते न दिसणारे भय आधीच ग्रासून आहे. त्यात दिसणाऱ्या काठीची भर कशाला?

दुसरा अपाय म्हणजे 'होईल सवय' म्हणून वादळात बाहेर बांधून ठेवणे. सवय होत नाही, धास्ती पक्की होते. आणि साखळीला हिसके देणारा जीव स्वतःचा गळा वा पाय जायबंदी करून घेतो. त्यातून आपल्या प्रदेशात विजेचे भय खोटेही नाही. वीज पडून होणाऱ्या मृत्यूंच्या सरकारी नोंदींत मध्यप्रदेशाचे नाव अनेक वर्षे वरच्या क्रमांकांत आहे. झाडाला किंवा लोखंडी खांबाला जनावर बांधणे म्हणजे त्याला मृत्यूच्या दारी बांधणे होय.

तिसरा अपाय शिकलेल्या घरांत आढळतो. भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घेतले तर त्याची भीती वाढते, सबब त्याच्याकडे दुर्लक्ष करावे, असे पूर्वीच्या पुस्तकांतून सांगत असत. हे मत आता मागे पडले आहे. भीती ही काही खाऊ मिळावा म्हणून केलेली युक्ती नव्हे की धीर दिल्याने ती बळावेल. जवळ येऊ पाहणाऱ्याला जवळ घ्यावे. अर्थात आपणच घाबरून त्याला कवटाळू नये. शांत बसावे, संथ हात फिरवावा, नेहमीच्या आवाजात बोलावे.

या बाबतीत एक जुनी, खरी घटना सांगण्याजोगी आहे. घंटा आणि कुत्र्याची लाळ यांवरील प्रयोगांमुळे प्रसिद्ध असलेले रशियन शास्त्रज्ञ पावलोव यांच्या प्रयोगशाळेत सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडच्या महापुराचे पाणी शिरले. पिंजऱ्यांतील कुत्री बुडता बुडता वाचली. पुढे त्यांतील काही कुत्री पूर्वी शिकलेले सारे विसरल्यासारखी झाली. एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून नुसती पाण्याची धार सोडली तरी त्याची स्थिती पुन्हा बिघडे. प्रयोग करणारा माणूस नेहमी खोलीबाहेर असे. तो आत त्या कुत्र्यापाशी बसू लागला, तेव्हा हरवलेले शिक्षण परतू लागले. एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेस जो उपाय लागू पडला, तो ओळखीच्या माणसाच्या सोबतीचा होता.

माझ्या आजीने पावलोवचे नाव ऐकलेले नव्हते; उपाय मात्र तिला ठाऊक होता. विराटपर्वात कौरवांची सेना पाहून गर्भगळित झालेल्या राजपुत्र उत्तराला अर्जुनाने आपली दहा नावे सांगून ओळख पटविली आणि उत्तराचे भय गेले. त्या नावांनी वीज दूर जात असेल की नाही, याचा वाद मी घालीत नाही. आजीचा संथ स्वर आणि तिच्या मांडीची ऊब यांनी आमची धडधड थांबत असे, एवढे मी स्वतः अनुभवले आहे. मुक्या जिवाला हेच हवे असते. आता क्रमाने काय करावे ते सांगते.

पावसाळ्यापूर्वी घरातील एक जागा ठरवावी. शक्यतो राजानेच निवडलेली. तो पलंगाखाली जात असेल तर तेथेच जुनी गोधडी आणि घरातील कोणाचे तरी वापरलेले लुगडे अथवा धोतर अंथरावे. खिडक्यांना जाड पडदे लावावेत. दिवा लावून ठेवावा, म्हणजे विजेचा लखलखाट तितका जाणवत नाही. पंखा किंवा रेडिओ चालू असावा. ही जागा कोंडवाडा होऊ नये; आत-बाहेर जाण्यास त्याला मोकळीक हवी. दार बंद करून कोंडल्यास तो दारच फोडू पाहील. पलंगाखालून त्याला ओढून काढू नये. घाबरलेला कुत्रा प्रेमाच्या माणसालाही चावू शकतो, हे मुलांना समजावून सांगावे.

ज्या दिवशी आभाळाचा रंग वेगळा दिसेल त्या दिवशी त्याला लवकर फिरवून आणावे, पोटभर खाऊ घालावे आणि फाटक लावून घ्यावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने केलेले 'दामिनी' नावाचे एक साधन हल्ली मोबाइलवर मिळते; आपल्या आसपास वीज पडण्याचा संभव असल्यास ते आधी सूचना देते. माणसांसाठी ते उपयुक्त आहेच, राजासाठीही ठरेल. गळपट्ट्यावर घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असावा. मोतीच्या गळ्यात तसा काही असता तर, असा विचार माझ्या मनात आजही येतो.

गडगडाट सुरू झाला की एक काम नातीकडे सोपवावे. वीज चमकताच तिने सेकंद मोजावेत. तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर, या हिशेबाने वीज किती दूर आहे ते कळते. आणि गडगडाट झाला रे झाला की राजापुढे एक आवडीचा घास टाकावा, पनीरचा किंवा उकडलेल्या अंड्याचा. आधी गडगडाट, मग घास, हा क्रम मोडू नये. आभाळ वाजले की काही चांगले मिळते, अशी गाठ त्याच्या मनात हळूहळू बसू लागते. आवाजांना भिणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांनी जे उपाय करून पाहिले, त्यांत हा साधा उपाय फार गुणकारी ठरल्याचे आढळले आहे. तो खाईनासा झाला तर आग्रह करू नये; नुसते जवळ बसावे. चॉकलेट, बेदाणे, मनुका आणि कांदा घातलेले पदार्थ मात्र कुत्र्याला कदापि देऊ नयेत. ते त्याला विषासमान असतात.

खरे शिक्षण कोरड्या दिवसांत व्हावयाचे असते. दिवाळीचे फटाके संपल्यावर थंडीत आरंभ करावा. ढगांच्या गडगडाटाचे ध्वनिमुद्रण अगदी हलक्या आवाजात, जेवणाच्या वेळी, चार-पाच मिनिटे लावावे. त्याने कान टवकारले आणि पुन्हा खाऊ लागला तर ठीक. खाणे थांबविले तर आवाज अधिक होता असे समजून तो कमी करावा. असे आठवड्यामागून आठवडे थोडे थोडे वाढवीत जावे. घाई केल्यास होते ते नुकसानच. ध्वनिमुद्रणात वारा नसतो, लखलखाट नसतो, म्हणून खऱ्या वादळात सगळी भीती जाईल अशी आशा धरू नये. परंतु ती निम्म्यावर आली तरी त्या जिवाला केवढा दिलासा!

राजाच्या बाबतीत एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. तो लंगडत सापडला आणि त्यानंतर भीती वाढली, असे पत्रात आहे. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठ आणि ब्राझीलमधील संशोधक यांनी २०१८ साली दाखवून दिले की मोठ्या वयात आवाजांना भिऊ लागलेल्या काही कुत्र्यांच्या सांध्यांत अथवा स्नायूंत वेदना असतात. दचकताना अंग आखडते, दुखणे उसळते आणि आवाज व दुखणे यांची सांगड बसते. तेव्हा प्रथम त्याचा पाय पशुवैद्यांना दाखवावा. जवळच महूला १९५५ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. धारला आणि आम्हां देवासकरांनाही ते फार दूर नाही. भीती फार असेल तर तिच्यावरही आता औषधे आहेत. ती बहुधा वादळ माथ्यावर येण्यापूर्वी द्यावी लागतात. मात्र स्वतःच्या रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या कुत्र्याला देण्याचा उपद्व्याप कोणी करू नये. ॲसिप्रोमाझिनसारखे जुने गुंगीचे औषध एकटेच दिले तर अंग लुळे पडते आणि भीती आत तशीच राहते, हेही वैद्यांशी बोलताना ध्यानात असावे.

आता मुख्य प्रश्न. राजाला शेतावर द्यावा काय? ताई, माझे उत्तर स्पष्ट आहे: देऊ नये. शेतावर त्याला भिंत नाही, पलंग नाही, ओळखीचा आवाज नाही. आहे ते उघडे आभाळ. पहिल्या वादळात तो पळेल आणि घराच्या शोधात मांडूच्या रस्त्यावरील वाहनांत सापडेल. आपल्या यजमानांचा रागही मी समजू शकते. राखणीसाठी आणलेले जनावर संकटात लपते, याचे त्यांना वाईट वाटते. त्यांना एवढेच सांगावे की चोर वर्षातील तीनशे पासष्ट रात्रींपैकी कोणत्याही रात्री येऊ शकतो, आणि आभाळ गरजण्याच्या रात्री मोजक्या असतात. मृग-आर्द्रेच्या आरंभीच्या आणि हस्ताच्या परतीच्या पावसात गडगडाट फार. श्रावणसरींत तो थोडा. इतर सर्व रात्री राजा आपली राखण करतो. या थोड्या रात्री आपण त्याची राखण केली तर हिशेब फारसा बिघडत नाही.

हे सर्व एका पावसाळ्यात साधेल असे मी म्हणणार नाही. पहिल्या वर्षी तो पलंगाखालीच राहील, पण कदाचित लाळ गळणार नाही. दुसऱ्या वर्षी पलंगाखालून मान बाहेर काढून घास घेईल. तेवढी प्रगती पुष्कळ समजावी आणि धीर सोडू नये.

हस्ताचा पाऊस सरला की पुन्हा पत्र लिहावे. नातीने सेकंद मोजले की नाही, आणि राजाचा पाय कसा आहे, हे कळविण्यास विसरू नये. इतर वाचकांच्या घरीही असा कोणी मुका जीव असेल, तर त्यांचे अनुभव या सदरासाठी अवश्य यावेत. यंदाच्या पहिल्या गडगडाटाला आपापल्या ओसरीकडे एकवार नजर टाकावी. तेथे कोणी बांधलेला असेल, तर त्याला आत घ्यावे.